रियाजभाई आणि मोडीत निघालेला कायदा

नारायण पेठेत आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर रियाजभाई भांड्यांना कल्हई करतात. त्यांचे वडीलही तिथेच बसायचे. पितळी पातेली वापरणारी आम्ही मोजकीच माणसं उरलोय, तरी त्यांची भट्टी रोज पेटते. बोलणं कमी, काम चोख. आमचे हे, म्हणजे श्याम, नेमके उलटे. न मागता सल्ला द्यायची सवय त्यांना नोकरीत लागली आणि निवृत्तीनंतर तोच पूर्णवेळ धंदा झाला.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावर आलेल्या आमोदला कल्हईला वापरतात त्या नवसागराच्या धुराचा त्रास झाला. खाली उतरून दोन शब्द बोलायचे की नाही? छे, थेट तक्रार! पोलिसांनी इंग्रजांच्या अमदानीतला कायदा उकरून काढला: शहर कोतवालाच्या परवान्याशिवाय रस्त्याकडेला भट्टी पेटवणं गुन्हा. आता कोतवाल कुठून आणायचा? रियाजभाई परवान्यासाठी कचेऱ्या फिरले, लोक तोंडावर हसले. खटला मात्र उभा राहिला.

"कबूल करा, किरकोळ दंड भरा आणि सुटा," त्यांची वकील नीरजा म्हणाली.

"का म्हणून? मी काय चोरी केली?" रियाजभाई भडकले.

पण खटला चालू म्हणून पासपोर्ट अडला होता. त्यांची लेक खुशनुमा मस्कतला, पहिलं बाळंतपण, तब्येत नाजूक. हमीदाभाभी जाऊन दोन वर्षं झाली. पोरीजवळ जायला बापाशिवाय होतं कोण?

तेवढ्यात बातमी आली. सरकारने जुने कायदे एकगठ्ठा रद्द केले, त्यात हाही होता. श्यामनी पेपर घेऊन कोपरा गाठला. "कायद्याचं निरसन झालं, रियाजभाई! शंकेचं निरसन झालं की शंका उरते का? संपलं. आता कसली तारीख नि कसलं कोर्ट?"

"आधी नीरजाला फोन करा," मी म्हटलं. माझं कोण ऐकतंय!

रियाजभाईंनी पेढे वाटले आणि तारखेला गेले नाहीत. पुढच्याच आठवड्यात पोलीस वॉरंट घेऊन आले. भर रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर. मला इतका संताप आला की काय सांगू.

नीरजाने डोक्याला हात लावला. "अहो काका, रद्द करणाऱ्या त्या नव्या कायद्यातच पुढे 'व्यावृत्ती' आहे. म्हणजे कायदा गेला, पण आधी सुरू झालेले खटले चालूच राहणार. जणू तो रद्द झालाच नाही."

"मग लढू," श्याम पुटपुटले.

"लढू की. वर्ष जाईल, दोन जातील. खुशनुमाला किती दिवस उरलेत?"

पुढच्या तारखेला कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा रियाजभाई म्हणाले, "कबूल." आवाज इतका बारीक होता की पुन्हा म्हणायला लावलं.

दंड भरला, पासपोर्टची चक्रं हलली. चौकशीला हवालदार आले ते आमच्याच घरी, शेजाऱ्यांची साक्ष हवी म्हणून. रियाजभाईही तिथेच बसले होते. मी चहा टाकला.

"माणूस कसा आहे?"

"सोन्यासारखा," मी म्हणाले.

"कधी शिक्षा वगैरे?"

"छे हो, भलतंच काय!" श्याम घाईघाईने म्हणाले.

रियाजभाईंनी श्यामच्या हातावर हात ठेवला. "झालीये, साहेब," ते म्हणाले. "भट्टी पेटवली होती."