नितायदा माझी बोटं तपासायचे

आधीच सांगते, मी असले अनुभव नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवणारी आणि वर खिदळणारी बाई आहे. भुताखेतांवर माझा कणभरही विश्वास नाही. माझं कामच तसं… माणसाला होणारे काही विषाणू मूळचे कुठल्या रानातल्या प्राण्यात मुक्कामाला असतात, ते शोधायचं. डोळ्यांना न दिसणारं मानते मी, पण ते यंत्रात दिसलं तरच! त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. तरी लिहिते.

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही कोलकात्याला आलो, त्याला आता आठ वर्षं होतील. राहतो दमदमला. इथे मी एका संशोधन प्रकल्पात लागले आणि तिथे नितायदा भेटले. आमचे फील्ड टेक्निशियन. साठीला टेकलेले, बुटके, तोंडात कायम पान. वटवाघूळ धरावं तर त्यांनीच, झोपलेलं नातवंड उचलावं तसं अलगद. मी मराठी आहे कळल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाले, आले का बर्गी! मराठ्यांच्या स्वाऱ्या बंगालवर यायच्या, त्या घोडेस्वारांना इथे बर्गी म्हणतात. त्यात नितायदांचं घर बागबाजारला, मराठ्यांना अडवायचा खंदक जिथून सुरू झाला तिथेच. मग काय, सात वर्षं तेच चिडवणं. धान लुटून झालं, आता आमची वटवाघळंसुद्धा नेणार का म्हणून. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. तुमचा खंदक पुरा तरी झाला का, असं विचारायचे.

काम साधं वाटतं, पण नाही. फळं खाणारी मोठी वटवाघळं पहाटे झाडावर परततात, तेव्हा त्यांना जाळ्यात धरायचं, घशातून काडीने नमुना घ्यायचा आणि सोडून द्यायचं. त्यांच्या अंगात विषाणू असला तरी ती बहुधा ठणठणीत असतात. पण त्यांची लाळ आपल्या जखमेत गेली, की आपलं काही खरं नाही. म्हणून एकावर एक असे दोन हातमोजे घालायचे, आणि नियम असा, की स्वतःचे मोजे स्वतः तपासायचे नाहीत, दुसऱ्याने तपासायचे. नितायदा आधी माझी साखरपुड्याची अंगठी मागून घ्यायचे आणि स्वतःच्या चष्म्याच्या डबीत ठेवायचे. मी मोजे चढवले, की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट दाबायचे, तोंडाने बंगालीत मोजत. कुठे शंका आली तर त्या बोटावर थांबायचे, आणि मी मोजा बदलते म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात नितायदा गेले. सकाळी बाजारातून मासळी आणली, पिशवी बायकोच्या हातात दिली, खुर्चीत बसले आणि गेले. मी इतकी रडले, की माझी सात वर्षांची मुलगीच मला पाणी आणून देत होती.

त्यानंतर दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा फील्डवर गेलो. दमदमच्या पलीकडे एक जुनी आमराई आहे, तिथे. नितायदांच्या जागी आता सुमना आली होती, माझ्याच वयाची, कामाला चोख. ती माझे मोजे तपासायला पुढे झाली, तर मी म्हटलं, राहू दे गं, बघितलेत मी. बघितले नव्हते. दुसऱ्या कुणी माझी बोटं हातात धरलेली मला नको होती, बस्स. आणि अंगठी? ती काढायची मला आठवणच झाली नाही. सात वर्षं ती आठवण माझी नव्हतीच, नितायदांची होती.

चांगलं उजाडलं होतं. सुमनाने पहिलं वटवाघूळ दोन्ही हातांनी धरलं. माझ्या उजव्या हातात काडी. आता डावा हात त्याच्या जबड्याखाली घालणार, एवढ्यात कुणीतरी माझा अंगठा दाबला. मग दुसरं बोट. मग मधलं. ओळखीचा दाब, ओळखीची लय… आणि अंगठीच्या बोटावर थांबला. सुटेना. मी हात मागे घेतला. सुमनाचे दोन्ही हात अडकलेले. ड्रायव्हर लांब रस्त्यावर चहा पीत उभा होता, मला दिसत होता. मोजा बघितला, तर अंगठीच्या खड्याने दोन्ही थर फाटलेले, आणि आत बोटाला ओरखडा.

हात धुतला, अंगठी काढली, नवे मोजे घातले, सुमनाकडून तपासून घेतले आणि काम पुरं केलं. काही आठवड्यांनी तपासणीचा निकाल आला. दोन वर्षं ज्या विषाणूच्या मागावर होतो, तो पहिल्यांदा सापडला होता. त्याच वटवाघळाच्या घशात. सगळी लॅब पेढे वाटल्यासारखी खूश, आणि मी स्टुलावर बसून डाव्या हाताचं ते बोट बघत होते. तो विषाणू अंगात घेऊन मी घरी जाऊन मुलीला भरवलं असतं.

मी खूप डोकं चालवलं. अंगठी घट्ट होते, बोट आवळतं, मनाला जुनी सवय असते… पण मग आधीची तीन बोटं? तीही ओळीने?

शेवटी राहवेना, म्हणून बागबाजारला गेले. नितायदांच्या बायकोला मी बौदी म्हणते, म्हणजे आपली वहिनी. त्यांनी चहा ठेवला, सगळं शांतपणे ऐकलं. मला वाटलं होतं, त्या एक तर हात जोडतील नाहीतर रडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

“म्हणजे तुझ्याकडे येऊन गेले,” बौदी म्हणाल्या. “मी रोज दार उघडं ठेवून बसते. माझ्याकडे एकदाही आले नाहीत.”

मी म्हटलं, बौदी, तेव्हा मला गरज होती हो.

“गरज मलाही आहे,” त्या म्हणाल्या आणि माझ्या कपात चहा ओतला.

माझी बोटं कुणी दाबली, मला आजही माहीत नाही, आणि कुणी समजावून सांगेल असंही वाटत नाही. मात्र ते नितायदा असतील, तर माझा त्यांच्यावर राग आहे. आधी बागबाजारला जायला हवं होतं त्यांनी.