मरना की मरनं

तो उन्हाळा आणि त्यातील एक वाक्य मी अद्याप विसरलेलो नाही. धरणगावच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एक स्त्री नवरा बेपत्ता असल्याची तक्रार घेऊन आली. तो तिच्याच भावाच्या दुकानात कूलरच्या पत्र्याच्या टाक्या करीत असे. मेहुण्या-मेहुण्यांत भांडण झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून नवरा दिसला नाही. फोन बंद.

"भावावर संशय आहे?" मी विचारले.

ती जरा थांबली. मग "नाही" म्हणाली.

त्याच दुपारी दुकानाशेजारचा चहावाला खबर घेऊन आला. खुर्चीच्या टोकावर बसून जपून बोलला, "साहेब, काल त्या बाईचा भाऊ दुकानामागे कारागिराला म्हणत होता, अजून मेला नाही. बुडबुडे येतात. सगळा मरू दे, मग बाटलीत भर."

भावाला चौकशीसाठी आणले.

"काल दुकानामागे मारलंत, हे कबूल आहे?"

"हो."

"सोबत कोण?"

"एकटाच. कारागीर नुसता पाहत होता."

"यापूर्वी?"

"दर आठवड्याला मारतो साहेब. सीझनमध्ये दोनदा."

हवालदाराचे पेन थांबले. इतक्या लवकर आणि इतक्या निवांतपणे कबुली देणारा आरोपी मी पाहिला नव्हता. खुनाच्या संशयितास घाम फुटतो, तोंड कोरडे पडते. हा माझ्या खिडकीकडे पाहत होता. "साहेब, तुमच्या कूलरची टाकी गळते," म्हणाला.

कुठेतरी चुकत होते. चहावाल्याला पुन्हा बोलावले. "माझ्यासाठी शुद्ध बोलू नका. कानावर पडलं तसंच सांगा."

तो मोकळा झाला. "आजून मरनं नही. बुडबुडा येतस. बठ्ठं मरू दे, मंग बाटलीमा भर."

हवालदार त्याच भागातला. तो म्हणाला, "साहेब, माणूस असता तर 'मरना' म्हटलं असतं, म्हणजे मेला. हे 'मरनं' आहे, म्हणजे मेलं. माणूस नाही."

"तेजाब साहेब, अ‍ॅसिड!" भाऊ ओरडला. आपल्यावर कसला संशय आहे, हे त्याला तेव्हा कळले आणि तेव्हाच घाम फुटला. "जिवंत तेजाब पत्रा खातं. त्यात जस्ताचे तुकडे टाकायचे. बुडबुडे थांबले की मेलं. तेच लावून पत्र्याला डाख देतो, सांधे झाळतो."

शब्दावर विश्वास ठेवणे हे पोलिसाचे काम नव्हे. अंगणात दोन पंचांसमक्ष त्याच्याकडून कृती करवून घेतली. जस्त पडताच बरणीतील पाणी घातलेले तेजाब फसफसले. बरणीच्या तोंडाशी पेटती काडी धरली. फट् असा आवाज झाला आणि एक पंच जीपमागे गेला. शाळेत पाठ केलेले वाक्य मला आठवले: धातू आणि विरल आम्ल यांच्या अभिक्रियेतून क्षार व हायड्रोजन वायू तयार होतो. हायड्रोजन आवाज करून गेला होता. बरणीत राहिला तो जस्ताचा क्षार.

"मयत मिळाला साहेब," हवालदार म्हणाला. "आता माणूस शोधू."

भांडण कशावरून, हे मी आता नीट विचारले. मेहुण्याला दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत कूलर दुरुस्तीचे काम स्वतंत्रपणे घ्यायचे होते. "जा म्हटलं, तर खरंच गेला," भाऊ म्हणाला. वसाहतीच्या फाटकावर फोन केला. मेहुणा एका गच्चीवर टाकी दुरुस्त करीत होता. त्याचा फोन आदल्या टाकीत बुडाला होता.

तो ठाण्यात हजर झाला, तेव्हा बायको समोरच होती. "तुमनामुळे मना भाऊ ठाण्यामा बठना, नी तुम्ही तठे टाकीमा बठेल!" तो मान खाली घालून उभा राहिला. भाऊ हसू लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले.

चौकशीची पद्धत अनेक वर्गांत शिकलो. साक्षीदाराचे वाक्य सुधारून घेऊ नये, हे मात्र त्या चहावाल्याने शिकवले. माझा मान राखण्यासाठी त्याने एका अनुस्वाराचा काना केला, आणि एक निरपराध माणूस खुनाच्या आरोपाच्या उंबरठ्यावर आला. त्यानंतर प्रत्येक जबाब मी ज्याच्या त्याच्या बोलीत ऐकला.

जाताना ती स्त्री मागे राहिली. हळू म्हणाली, "साहेब, 'नाही' म्हणताना मी थांबले होते. तेवढं भावाला कळू देऊ नका."

"तसं काही लिहिलेलं नाही," मी सांगितले.

बाहेर तिचा भाऊ, मेलेल्या तेजाबाची बाटली घेऊन, आमची टाकी झाळत होता.