इसार बुडावा म्हणून नवस

मंडळी, आज भूमला घरी बसून शेअर बाजारातल्या ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावानं पुढं खरेदी करायच्या हक्काची, किंमत काढणारा प्रोग्रॅम लिहीत होतो. भाव वर जाईल की खाली, अशा फांद्या काढायच्या आणि शेवटून मागं येत किंमत शोधायची.

शेजारचे आबा डोकावले. बहात्तरच्या दुष्काळानंतर ते गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन होते. काय चाललंय ते मी त्यांना समजावलं.

"हे तर आमचं कडब्याचं! सुगीतच भाव ठरवून इसार द्यायचा. पाऊस न्हाय झाला तर त्याच भावानं कडबा उचलायचा. इसार किती, ते मिरगापासून मागं मोजत यायचं."

"आणि पाऊस होऊन हिरवा चारा आला तर? इसार बुडाला की!" मी म्हणालो.

आबा हसले. "आरं, तो बुडावा म्हणून तर येडाईला नवस बोलायचो!"

माझा प्रोग्रॅम त्याला तोटा म्हणतो. तुम्ही काय म्हणाल?