आधी वॉर्ड, मग चहा

"खुर्सीपारवालों को बदबू कब से आने लगी?"

तुरुंगाच्या डॉक्टरने हे मला विचारलं. सगळ्यांसमोर. मुलाखतीच्या रांगेत बाया होत्या, म्हातारे होते, जाळीपल्याड माझे बाबा होते. डॉक्टर तिथून चालला होता म्हणून मी हटकलं. एवढंच म्हटलं, "सर, पापा के पैर से बास आ रही है. शुगर है उनको. एक बार पट्टी खोलके देख लीजिए." तो थांबला. माझ्या ओढणीपासून चपलेपर्यंत नजर फिरवली, हातातल्या मुलाखतीच्या चिठ्ठीवर आमच्या कामगारवस्तीचं, खुर्सीपारचं, नाव वाचलं. आणि मग तो प्रश्न. शिपाई हसले. रांगेतली एक बाईपण हसली. भीतीनं हसली, मला माहीत आहे.

बाबा जाळीतून म्हणाले, "जाऊ दे बाई. घरी जाय."

गेले मी घरी.

तुरुंग कुठला ते लिहीत नाही. बाबा ठेकेदारीत काम करत. सेफ्टी शूज मागायला गेलेल्या लोकांची ठेकेदाराच्या माणसांशी हातापायी झाली, त्यात बाबांचंही नाव आलं. गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. शिक्षा मात्र पायाला आधीच सुरू झाली होती.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. आजोबा भंडाऱ्याकडून इथे, हिंदी मुलखात, पोलादाच्या भट्टीवर आले, बाबांनी ठेकेदारीत हाडं झिजवली, तेव्हा मी बी.एस्सी. झाले. बाबा आत सगळ्यांना सांगत, माझी पोरगी बी.एस्सी. आहे. डॉक्टरला फक्त वस्ती दिसली.

जामीन झाला तेव्हा पाय काळा पडला होता. सरकारी दवाखान्यात अर्धं पाऊल कापलं. तिथल्या सर्जनने बाबांवरच आवाज चढवला, "इतने दिन कहाँ थे?"

बाबा म्हणाले, "सरकार के पास."

घरी आल्यावर एका दुपारी बाबांनी पाहणीची गोष्ट सांगितली. कैद्यांना दवापाणी नीट मिळतं का, ते बघायला अधूनमधून बाहेरचे लोक येतात. तारीख आधी कळवून येतात.

"त्या दिवशी मले तिथल्या दवाखान्याच्या पलंगावरून उठवलं," बाबा म्हणाले. "भांडारघराच्या मांगं नेऊन बसवलं. माह्या पलंगावर एक जवान पोट्टा झोपवला, नवी चादर टाकून. पोट्ट्यानंच मंग सांगितलं, पाव्हण्यानं त्याले विचारलं, कैसे हो? पोट्टा म्हणे, बढ़िया साहब. खोटं थोडी बोलला! बढ़ियाच होता तो."

बाबा हसले. मला हसू आलं नाही. "तुमाले हलवलं तवा पाव्हणे कुठं होते?"

"ऑफिसात. चहा पिऊन राहिले होते. दरवेळी तसंच. आधी चहा, मंग वॉर्ड."

बाहेरच्याने येऊन बघावं हा नियम चांगलाच आहे. पण बघणारा चहाला बसला की नियम मेला. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. बाबांच्या अर्ध्या पावलाशी बसून शिकले.

मग मी कैद्यांच्या घरच्यांचे जामिनाचे अर्ज लिहून देऊ लागले. पुढे तुरुंगातल्या दवापाण्याच्या पाहणीसाठी बाहेरच्यांची नवी समिती बसली, तेव्हा माझंही नाव दिलं. बाबांची केस लपवली नाही. अर्जात स्वतःच लिहिली. घेतलं मला. अध्यक्ष नेहरू नगर या बड्या वस्तीतले निवृत्त डॉक्टर. मवाळ माणूस.

पाहणीच्या दिवशी गेटवर तोच डॉक्टर हात जोडून उभा. "आइए मैडम, आइए." त्याने मला ओळखलं नाही. मी ओळखलं.

अधीक्षकांच्या खोलीत समोसे, काजू, चहा, सगळं मांडून तयार. अध्यक्ष बसले. मी खुर्ची ओढली नाही.

"पहले वॉर्ड. चाय बाद में."

"अरे बेटा," अध्यक्ष म्हणाले, "दो घूँट पी लो. इतनी गरमी में आए हैं."

डॉक्टर पुढे झाला. "मैडम, बस थोड़ी देर. वॉर्ड तैयार हो रहा है."

"तैयार? मरीज हैं कि बारात उतरनी है?"

कुणी हसलं नाही. मी निघाले. अध्यक्षांना भरला कप ठेवून मागे यावं लागलं.

वॉर्डाच्या दारातच गाठलं. दोन कैदी एका म्हाताऱ्याला बगलेत धरून बाहेर नेत होते. त्याच्या पलंगावर एक धट्टाकट्टा पोरगा चढून बसला होता, घाईत पायातली चप्पलही काढली नव्हती.

म्हाताऱ्याला परत पलंगावर बसवायला लावलं. उतईकडच्या खेड्यातला होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. शिपाई त्याच्या डोक्याशी उभा. मी म्हटलं, "आप बाहर जाइए."

अधीक्षक म्हणाले, "सुरक्षा का सवाल है."

"जो चल नहीं सकता वो भागेगा कहाँ?"

अध्यक्षांनी पहिल्यांदाच मान हलवली. शिपाई बाहेर गेला. तेव्हा कुठे म्हातारा बोलला, "साँस नइ आवय, नोनी. दवई माँगथँव त कहिथें, नाटक झन कर." श्वास पुरत नाही, आणि दवा मागितली की नाटक करू नको म्हणतात.

अध्यक्षांनी छातीला तपासायची नळी लावली. त्यांचा चेहरा उतरला. त्याच दिवशी त्या म्हाताऱ्याला बाहेरच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

परतताना डॉक्टर मला म्हणाला, "आप लोग दो घड़ी को आते हो. इतने कैदी, मैं अकेला. क्या करूँ?"

खरं होतं ते. एक डॉक्टर पुरत नाही, असं मी अहवालात लिहिलं. आजारी माणूस लपवायला मात्र इथे माणसं पुरतात, हेही लिहिलं.

या आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला. "बेटा, ऊपर से बात आई है. कैदी की बेटी समिति में कैसे? खुद ही नाम वापस ले लो. इज्जत रह जाएगी."

आईने ऐकलं. "कावून जाते वं पुन्हा त्या दाराशी? आले न तुहे बाबा घरी!"

बाबा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "अंदर अजून लोक हायेत."

मी अध्यक्षांना उलट फोन केला. म्हटलं, माझी इज्जत मी सांभाळते. नाव मी परत घेणार नाही. काढायचं तर तुम्ही काढा, आणि कारण लिहून काढा.

काढलंच, तर मुलाखतीच्या रांगेत जाऊन उभी राहीन. कुणाच्या नवऱ्याला फिट येते, कुणाच्या पोराचा खोकला जात नाही, त्या बायांना सगळं पाठ आहे. त्यांच्या सह्याअंगठ्यांनिशी कोर्टात अर्ज लावीन. त्यात मागणं एवढंच: समितीने न कळवता जावं. रोगी बोलत असताना शिपायाने बाहेर थांबावं. आणि समितीत त्या रांगेतली एक बाई असावी.

मी नाही तर दुसरी. पण रांगेतलीच.