काळ्या जोडीची पिवळी पिल्ले

आदरणीय वसुधाबाईंची आणि माझी पहिली भेट माझ्याच हस्ताक्षरातल्या एका कागदामुळे झाली, आणि त्या कागदाची मला आजही लाज वाटते.

चौदा वर्षांपूर्वी मी खालापूरला सरकारी कचेरीत कारकून होतो, राहायला कडावला. माझा काळा लॅब्रेडॉर राजा आणि शेजारच्या दत्तूची काळी लॅब्रेडॉर मैना यांची जोडी आम्ही मोठ्या हौसेने लावली. मैनेला आठ पिल्ले झाली. सहा काळी आणि दोन पिवळी. माझे डोकेच फिरले. आळीत एक पिवळा गावठी कुत्रा हिंडत असे. दत्तूने मैनेला मोकळे सोडले असणार, असे मी ठरवूनच टाकले. तोंडाने भांडलो असतो तर दोन दिवसांत मिटले असते. पण कारकुनाचा हात! ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ घालून मी दत्तूला रीतसर पत्र दिले. वीस वर्षांचा शेजार त्या दिवशी तुटला.

दत्तू ते पत्र घेऊन बाईंकडे गेला. बाई कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या, त्याची मुलगी त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि कुत्र्यांच्या रंगांचा त्यांना नाद आहे हे पंचक्रोशीत माहीत होते. रविवारी सकाळी बाई दत्तूसह आमच्या ओटीवर हजर झाल्या. माझ्या पत्रातल्या ‘परक्या कुत्र्याचा संबंध’ या शब्दांखाली लाल रेघ होती आणि समासात एकच शब्द लिहिला होता: पुरावा?

“आमच्या मैनेवर आळ घेतला हाय यानं,” दत्तू माझ्याकडे न बघता म्हणाला. “अंगणाच्या भायेर गेली नाय ती.”

“भाऊसाहेब, तुमच्या राजाची आई कोणत्या रंगाची होती?” बाईंनी विचारले.

“पिवळी,” मी म्हणालो, आणि माझा आवाज जरा उतरलाच.

बाईंनी पिशवीतून दोन वाट्या काढल्या. प्रत्येकीत एक काळे आणि एक पिवळे बटण. “ही वाटी राजाची, ही मैनेची. डोळे मिटून दोन्हींतून एकेक उचला, बघा आणि परत टाका. एक जरी काळे आले तरी पिल्लू काळे. पिवळे आत दडून राहते; राजात ते आईकडून आले, मैनेतही असेच कुणाकडून तरी. दोन्ही पिवळी आली तरच पिल्लू पिवळे.”

मी आठ वेळा उचलले. पिवळे पिल्लू तीनदा आले.

“मग मैनेला दोनच कशी?” मी शंका काढली.

“बटणांना पाढे येत नाहीत,” बाई म्हणाल्या. शिवाय गावठीचा पिवळा रंग वेगळ्या वाटेने येतो, हेही त्यांनी सांगितले. त्याची पिल्ले असती तर बहुधा सगळी काळीच निघाली असती, आणि मी गावभर पेढे वाटले असते! मी दत्तूची माफी मागितली. “जाऊ दे रं,” तो म्हणाला, “पन पुन्यांदा कागद नको देऊस.”

त्यातली एक पिवळी मादी बाईंनी नेली. तिचे नाव हळद. हळदीला पायाशी घेऊन बाईंनी किती जणांना ही बटणे उचलायला लावली असतील! रंगापायी जिवाशी खेळ मात्र त्यांना खपत नाही. एकदा एक फार्महाऊसवाले करड्या चट्ट्यांचे दोन ग्रेट डेन कुत्रे घेऊन आले. चट्टेरी पिल्ले हवी होती. तसले चट्टे आई आणि बाप दोघांकडून आले तर पिल्लू बहिरे, आंधळे निपजू शकते, हे बाईंनी शांतपणे समजावले. गृहस्थ हटेनात. “ठिपक्यांची एवढी हौस असेल तर साडी घ्या,” बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्या कुत्र्यांची जोडी लागली नाही.

गेल्या वर्षी हळद गेली. बाईंची ओटी सुनी झाली. दुसरे पिल्लू घ्या म्हणून आम्ही विनवले, पण त्या ऐकेनात. “मी पंच्याहत्तरीला आले. पिल्लाला बारा-चौदा वर्षे लागतात. त्याला अर्ध्यावर सोडून जायचा मला काय अधिकार?” पण बाईंना असे एकटे बसलेले आम्हाला बघवत नव्हते.

मग दोन महिन्यांपूर्वी मैनेच्या वंशात, काळ्याच जोडीला, पुन्हा एक पिवळी झाली. दत्तू कुंपणावरून ओरडला, “भाऊ, पिवळी निघाली रं! आता कागद काढतोस का?”

मी खरोखरच काढला. ‘विषय: पिल्लाच्या सांभाळाची हमी. बाईंच्या पश्चात सदर पिल्लाचा सांभाळ आम्ही दोघे शेजारी आनंदाने करू.’ खाली दोघांच्या सह्या. कागद आणि पिल्लू घेऊन आम्ही गेल्या आठवड्यात बाईंकडे गेलो. बाईंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग लाल पेन काढले, ‘बाईंच्या पश्चात’ या शब्दांखाली रेघ ओढली, समासात लिहिले: पुरावा? आणि पिल्लू मांडीवर घेतले.

बाई, पुरावा आमच्याकडे नाही. तो कधी मिळूही नये. या पिवळीला आपण म्हातारी झालेले पाहावे आणि चौदा वर्षांनी पुढचे पिल्लू निवडायला पुन्हा कडावला यावे. वाट्या आणि बटणे तेवढी बरोबर आणावीत.