पांदणीत चालेल ते मॉडेल

गाडी घ्यायची हे ठरायला आमच्या घरी एक संध्याकाळ लागली. कोणतं मॉडेल घ्यायचं हे ठरायला अर्धा श्रावण गेला.

गाडी हौसेसाठी नव्हती. आमचं वावर, म्हणजे शेत, वडनेरच्या पुढे आणि आम्ही राहतो हिंगणघाटला. गावापर्यंत डांबरी रस्ता, तिथून वावरापर्यंत पांदण, नुसती मातीची वाट. उन्हाळ्यात या पांदणीतून स्कूटरसुद्धा जाते. पाऊस लागला की तीच काळी माती चाकाला अशी धरते की टायर आणि मडगार्ड यांच्यात बोट शिरत नाही. मग दसऱ्यापर्यंत एक तर पायी जायचं, नाही तर कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसायचं.

माझ्या सासूबाई आयुष्यभर पायीच गेल्या. वावर त्यांनीच पाहिलं, सासरे होते तेव्हाही आणि ते गेल्यावरही. मग दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं, घरात त्या काठीशिवाय फिरतात. पण चिखलात चालायला डॉक्टरांची मनाई, आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढणं तर सोडूनच द्या. लागोपाठ दोन पावसाळे त्यांनी आपल्या कपाशीची पऱ्हाटी माझ्या फोनवरच्या फोटोत पाहिली.

यंदा एके दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "पाडव्याले वावर मक्त्यानं देऊन टाकू. जे डोळ्यानं दिसत नाई, ते करावं कसं?"

मक्त्यानं देणं म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम घेऊन जमीन दुसऱ्याला कसायला देणं. गावात बरेच जण देतात, त्यात कमीपणा काही नाही. गावातल्या एका शेतकऱ्यानं आमच्याकडे विचारणाही केली होती. पण हे बोलून झाल्यावर त्यांनी ताटातली भाकर कुस्करली आणि खाल्लीच नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. जुनी छोटी गाडी तशीही विकायची होतीच. चिखलात जाईल अशी गाडी घ्यायची, हे त्याच रात्री ठरलं.

मला यादी केल्याशिवाय भाजीही आणता येत नाही. गाडीसाठी मी तीन रकाने आखले: लागेलच, असलं तर बरं, कशाला हवं. गाडी एकच होती, पण ती तीन प्रकारांत मिळत होती. चारही चाकांना जोर देणारा गिअर तिन्हींत होता. बेसमध्ये लोखंडी रिम, साधी सीट आणि पाण्यानं धुता येईल असा रबरी तळ. मधल्यात गालिचा आणि लहान स्क्रीन. टॉपमध्ये मोठा स्क्रीन, चकचकीत चाकं, सनरूफ आणि दाराखाली पाय ठेवायला लांब पायरी.

नवरा जिनिंगमध्ये नोकरीला आहेत. दिवसभर कापसाच्या धुळीत राहणाऱ्या माणसाला चकचकीत गोष्टींचं आकर्षण असतं, असं माझं निरीक्षण आहे.

"टॉपच घेऊ," ते म्हणाले. "सनरूफ हाय त्यात."

"काऊन? वावरात आभाळ कमी पडते का?" सासूबाईंनी विचारलं.

मी बेसकडे झुकले होते. पण माझ्या पहिल्या रकान्यात पहिलीच ओळ अशी होती: आईंना आधाराशिवाय चढता-उतरता आलं पाहिजे. गाडी उंच होती आणि पायरी फक्त टॉपमध्ये होती. ही गोष्ट नवऱ्याच्या लक्षात आली तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"म्हणजे सनरूफ मले नाई, आईच्या गुडघ्याले पायजे!"

महामार्गावरच्या शोरूममध्ये गेलो तेव्हा मी जवळपास तयार होते. तिथला विक्रेता आमच्याच वयाचा होता. गळ्यात टाय आणि बोलण्यात अर्धी नागपुरी हिंदी. त्यानं टॉप मॉडेलचं दार उघडून धरलं.

"आजी, एक बार बैठके तो देखो. सोफा आहे, सोफा."

सासूबाईंनी पायरीवर पाय ठेवला, हँडल धरलं आणि आत बसल्या. मग उतरल्या आणि पुन्हा चढल्या. मी यादीतल्या पहिल्या ओळीवर टिक केली. नवऱ्यानं महामार्गावर एक चक्कर मारली आणि परत येऊन विमान उतरवल्यासारखी गाडी उभी केली.

"झालं? इतकंच?" सासूबाई म्हणाल्या.

"हो आजी, टेस्ट ड्राइव्ह झाली ना."

"बैल घेतो तं आपल्या वावरात जुंपून पाहतो. बाजारात तं सगळेच बैल सरळ चालते."

हे खरंच आहे. आमच्याकडे जोडी घ्यायची तर बयाणा म्हणून थोडे पैसे देऊन बैल घरी आणतात, दिवसभर औताला जुंपतात आणि मगच सौदा पक्का होतो. बैल मध्येच बसला तर बयाणा परत. बाजारातल्या चालीवर कोणी विश्वास ठेवत नाही. मी यादीत इतकं लिहिलं, पण गाडी पांदणीत नेऊन पाहायची, हे तिन्ही रकान्यांत नव्हतं. मी विक्रेत्याला तेच विचारलं.

"मॅडम, डेमोची गाडी आहे. कीचड में नहीं ले जा सकते."

"चिखलात जाते म्हणूनच विकता ना तुम्ही?" मी म्हटलं.

तो हसला आणि आत साहेबांना विचारायला गेला. परत येऊन म्हणाला, चालेल, पण गाडी शोरूमचा ड्रायव्हर चालवेल. नवरा हिरमुसले. मी लगेच हो म्हटलं.

आम्ही निघालो त्याच्या आदल्या दोन दिवसांत पावसाची झड लागून गेली होती. पांदणीच्या तोंडाशी ड्रायव्हरनं चारही चाकांना जोर देणारा लहान दांडा मागे ओढला आणि गाडी चिखलात घातली. ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत पाणी भरलं होतं. मागची बाजू एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, पण गाडी थांबली नाही. सासूबाई पुढच्या सीटवर होत्या. दोन्ही बाजूंची वावरं ओळखीची लागली तशा त्या बोलू लागल्या. याची तूर पिवळी पडली, त्याचं सोयाबीन दाट झालं. इतकं त्या घरात महिनाभरात बोलत नसत.

आमच्या वावराशी गाडी थांबली. सासूबाईंनी दार उघडलं आणि शोरूममध्ये ठेवला तसाच पायरीवर पाय ठेवला.

पायरी मात्र दिसतच नव्हती. चाकांनी उडवलेली काळी माती तिच्यावर थापून बसली होती. पाय सरकला. त्यांचा एक हात हँडलला होता म्हणून त्या पडल्या नाहीत. मी मागच्या दारातून उडी टाकून त्यांना कमरेला धरलं.

"आई!"

"बोंबलू नको. काई नाई झालं."

पण त्यांनी हँडल सोडलं नाही. नवऱ्यानं पऱ्हाटीची काडी घेऊन पायरी खरवडली. वरचा थर निघाला तरी खाली लोण्यासारखा बुळबुळीतपणा राहिलाच. सासूबाईंनी तो पाहिला, आत बसल्या आणि दार ओढून घेतलं.

"चाला मागं. झालं पाहून."

जी पायरी मिळावी म्हणून टॉप घ्यायला निघालो, तिनंच त्यांना पाडलं असतं. आणि पायरीशिवाय तर चढणंच होत नव्हतं. वावर फुटभरावर होतं आणि त्या काचेतून त्याच्याकडे न पाहता समोर पाहत होत्या.

ड्रायव्हरला गाडी वळवायची होती. जागा कमी, म्हणून त्यानं ती मागेपुढे करत आमच्या धुऱ्याला अगदी चिकटवली. धुरा म्हणजे वावराचा बांध. आमच्या धुऱ्यावर वावरातले दगड वर्षानुवर्षं टाकलेले, त्यामुळे तो उंच आणि पक्का आहे, वर गवत. मी खिडकीतून खाली पाहिलं तर गवत दाराच्या उंबऱ्याला टेकलं होतं.

"थांबा, थांबा!" मी ड्रायव्हरला म्हटलं. "आई, दार उघडा. पाय खाली नका टाकू, समोर टाका."

त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग दार उघडलं, हँडल धरलं आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशा धुऱ्यावर गेल्या.

तिथे उभ्या राहून त्या हसायलाच लागल्या. "अवं, बंडीत असंच तं बसत होतो आमी! वावरात धुऱ्यावरून अन् घरी ओट्यावरून. जमिनीवरून बंडीत कोन चढते?"

बैलबंडी घरून जाऊन बरीच वर्षं झाली, आम्ही सगळेच ते विसरलो होतो. घरी आल्यावर मी टेप काढला. आमच्या ओट्याची उंची आणि गाडीच्या तळाची उंची यांत दोन बोटांचाही फरक नव्हता.

मग निवड सोपी होती. पायरी गेली की टॉपमध्ये आम्हाला लागेल असं काही उरत नव्हतं. मधल्यात गालिचा होता, आणि आमच्या मातीत गालिचा म्हणजे दर रविवारची शिक्षा. उरलं बेस.

"गाण्याची सिस्टिम बाहेरून बसवू," मी नवऱ्याला म्हटलं.

"अन् सनरूफ? ते बाहेरून पाडून देते का कोनी?"

"खिडकी उघडा. हवा तीच येते."

विक्रेत्यानं शेवटचा प्रयत्न केला. "मॅडम, बेस कोई लेता नहीं."

"मग लगेच मिळेल?"

"मिळेल ना. यार्डात उभीच आहे."

पोळ्याच्या आत गाडी घरी आली. ओट्याला लावायला नवऱ्याला आधी चार वेळा मागेपुढे करावं लागे, आता एका दमात लागते. गावातून निंदणाच्या बायाही तीत बसतात, चिखलाच्या पायांनी, आणि सासूबाईंना टोमणे मारतात: "काकू, तुमी तं मोटारवाल्या झाल्या. आता आमाले वळखता का नाई?" सासूबाई म्हणतात, "वळखतो नं. काल अर्धा तास आधीच काम सोडून गेलती, तेही वळखतो." संध्याकाळी नवरा पाइप लावून रबरी तळ धुतात. तक्रार करतात, पण धुतात.

परवा मक्त्यासाठी विचारणारा तो शेतकरी वावरात आला. सासूबाई धुऱ्यावर उभ्या होत्या.

"काकू, मंग पाडव्याचं पक्कं समजू?"

"नाई जी. वावर आमीच करतो."

"बरं. पुढच्या वर्षी पाहू मंग."

"पुढच्या वर्षी तं मले मागच्या तुकड्यात हळद लावून पाहाची हाय," त्या म्हणाल्या. मी पहिल्यांदाच ऐकत होते. "तुमच्याकडं बेणं हाय म्हणते चांगलं?"

हळदीत पाणी साचून चालत नाही. उतार कोणीकडे आहे ते दाखवायला त्या धुऱ्यावरून पुढे निघाल्या, आणि तो शेतकरी त्यांच्या मागे मागे, हो काकू, हो काकू म्हणत.