मायसाठी कमी केलेली हवा

सासूबाईंना रेडिएशनचा शेक द्यायला नेऊ लागलो तेव्हा मे महिना होता. कॅन्सर छातीतून मणक्यात उतरला होता. रेडिएशनने निदान दुखणं तरी कमी होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आम्ही राहतो जरीपटक्यात आणि दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मिहानच्या बाजूला. रोज जायचं, शेक घ्यायचा आणि भर उन्हात परत यायचं.

गाडी आमची मोठी, सात जणांची. नवऱ्याला बांधकामाच्या साइटवर माणसं आणि सामान न्यावं लागतं म्हणून घेतलेली. शेजारचे म्हणायचे, बरं झालं, म्हातारीला आरामात नेता येईल. मधल्या सीटवर मी गादी अंथरायची, सासूबाईंचं डोकं मांडीवर घ्यायची. पण गाडी उंच आणि कडक. आपले रस्ते आता सिमेंटचे झाले, दिसायला सपाट. मात्र थोड्या थोड्या अंतरावर जोड असतो आणि त्यावरून चाक गेलं की खालून ठक्क असा ठोका वर येतो. धडधाकट माणसाला तो जाणवतही नाही. सासूबाईंना प्रत्येक जाणवायचा. त्या ओरडायच्या नाहीत. उमरेडला हातमागावर बसून अर्धं आयुष्य काढलेली बाई, पाठदुखीची त्यांना सवय होती. फक्त माझं मनगट धरून ठेवायच्या आणि जोड आला की पकड घट्ट व्हायची.

नवरा आरशातून मागे बघायचा.

"माय, दुखून राहिलं का?"

"नाही गा. तू समोर पाहून चालव."

तो मुळातच कमी बोलणारा. आई आता फार दिवसांची नाही, हे डॉक्टरांनी त्यालाच सांगितलं होतं. मला ते सांगताना तो जिन्यात पाठमोरा उभा होता. त्यानंतर तो गाडीच्या मागे लागला.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. गाडीत माणसं कमी असली तर चाकांत किती हवा ठेवायची आणि पूर्ण भरली असली तर किती, ते त्यावर लिहिलेलं असतं. साइटच्या सामानामुळे तो कायम भरलेल्या गाडीचा आकडा ठेवायचा, मागच्या चाकांत चाळीसच्या आसपास. आता तर आम्ही तिघंच. त्यानं हवा तेहतीसवर आणली. स्टिकरनुसार तेच बरोबर होतं आणि फरकही पडला. ठोके थोडे बोथट झाले.

तिथं तो थांबला असता तर बरं झालं असतं. त्यानं हवा मोजायचं मीटर विकत आणलं. मग तीस केली, मग त्याहून कमी. दवाखान्याबाहेर गाडी तापलेली असायची, तापल्यावर मीटर जास्त आकडा दाखवतं. तो उन्हात उकिडवा बसून ती वाढलेली हवाही सोडायचा. रात्रभरात चाकं निवली की सकाळी आत आणखीच कमी उरायची.

मी एकदा म्हटलं, "स्टिकरवर तर तेहतीस आहे ना?"

"ती गाडीची सोय झाली," तो म्हणाला. "मी मायची पाहून राहिलो."

आणि एक दिवस सासूबाई वाटेत झोपल्या. माझं मनगट त्यांच्या हातातून आपोआप सुटलं. घरी उतरवताना म्हणाल्या, "आज दुखलं नाही वं. झोप लागली मले." नवऱ्यानं ते ऐकलं. तसाच खाली गेला आणि त्यांच्यासाठी कुल्फी घेऊन आला. त्यांनी दोन चमचे खाल्ली. कित्येक दिवसांनी घर जरा हलकं वाटलं.

त्याच आठवड्यात परत येताना, रिंग रोडवर, मला रबर जळल्यासारखा वास आला. पुढे ट्रक होता, त्याचाच असेल असं आम्हाला वाटलं. मग मागून मोठा आवाज झाला आणि गाडी एका बाजूला ओढली गेली. नवऱ्यानं ब्रेक दाबला. गाडी फिरून दुभाजकाला घासली आणि सासूबाई माझ्या मांडीवरून दोन सीटांच्या मधल्या फटीत पडल्या. माझ्या हातात नुसता पदर राहिला. तेव्हा त्या ओरडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

ॲम्ब्युलन्सनं पुन्हा त्याच दवाखान्यात नेलं. एक मणका पार दबला होता. कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाड आतून पोखरलेलंच होतं, पलंगावर कूस बदलतानाही हे झालं असतं.

नवरा गाडी आणायला गेला तेव्हा टायरवाल्यानं फाटलेला टायर उघडून दाखवला. आत झिजलेल्या रबराचा मूठभर काळा भुगा निघाला. "हवा कमी ठेवून उन्हात चालवली का?" असं त्यानं विचारलं म्हणे; हवा कमी असली की टायर दबून तापतो आणि आतून फाटतो. एवढं मला सांगून नवरा ताटावरून उठला.

पुढचं सगळं पलंगावर. पाठीला जखमा झाल्या. त्यांना कुशीवर वळवणं, धुणं, पुसणं तो स्वतः करायचा, मला हात लावू द्यायचा नाही. पण त्यांच्याशी बोलायचा नाही. एका दुपारी त्यांनीच विचारलं, "काहून बोलत नाही गा माझ्याशी?"

तो ओला फडका हातात धरून उभा राहिला. "माय, चाकातली हवा मी कमी केली होती. तुले धक्के बसू नाही म्हणून."

"मले माहीत आहे. दवाखान्याच्या खिडकीतून दिसे मले, रोज चाकापाशी बसे तू." त्यांना धाप लागली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी झोप चांगली लागली होती."

तो तसाच बाहेर निघून गेला. त्यापुढे त्यांचं शेवटपर्यंत फारसं बोलणं झालं नाही. पोळ्याच्या आधी त्या गेल्या.

गाडी दुरुस्त झाली, पण आता ती साइटवरचा ड्रायव्हर चालवतो. नवरा मोटरसायकलनं जातो. तेराव्याच्या संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, त्यानं मला एकदाच विचारलं, "तुले काय वाटते? माझ्यानं झालं का हे?"

मी म्हटलं, "डॉक्टर सांगतात तेच."

"डॉक्टरचं नाही विचारून राहिलो."

मी पाहुण्यांच्या चहाचे कप गोळा करायला लागले. त्यानं पुन्हा विचारलं नाही.